आवाज बसवून मिळेल

माझ्या धाकट्या दिरांइतक्या टाळ्या वाजवणारा आणि तरीही कशाचंच कौतुक न करणारा माणूस मुलुंडपासून अंधेरीपर्यंत दुसरा सापडणार नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. हळू आवाजात सांगेन, कारण मोठ्याने बोलायला मला डॉक्टरांनी बंदी केली आहे आणि भावोजींची बंदी डॉक्टरांहून कडक आहे. कुठल्याही नव्या खोलीत शिरले की भावोजी मधोमध जाऊन उभे राहतात, दोन्ही हात छातीशी आणतात आणि एकच टाळी वाजवतात. खणखणीत. मग मान तिरकी करून, डोळे मिटून, ती टाळी विरेपर्यंत ऐकत राहतात. विरली की डोळे उघडतात आणि निकाल देतात. निकाल दोनच. "शेपूट आहे" किंवा "बसलाय". शेपूट म्हणजे टाळी वाजून संपली तरी खोलीत जो आवाज रेंगाळत राहतो तो. आणि बसलाय म्हणजे आवाज झाला, कानावर आला आणि शहाण्यासारखा गप्प बसला. बँक असो, दवाखाना असो, लग्नाचा हॉल असो, माणसाला काळवेळ म्हणून नाही. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो, तर दारातून आत शिरताना आमच्या ह्यांनी भावाचे दोन्ही हात आपल्या हातांत गच्च धरून ठेवले होते. तिथल्या बायका नंतर मला म्हणाल्या, भावाभावांत किती प्रेम आहे हो तुमच्याकडे. मी हो म्हटलं.

सासूबाई होत्या तोवर त्यांनी कपाळाला हात लावून लावून कपाळ झिजवलं. त्या मालवणकडच्या, बोलणं रोखठोक. भावोजींनी टाळी वाजवली की त्या आतून ओरडायच्या, "मेल्या, भजनाक इलंस काय रे?" त्यांना ह्या मुलाची एकच काळजी होती, ती म्हणजे लग्नाची. त्या काळजीचा निकालही एका टाळीनेच लागला. बोरिवलीला एक मुलगी बघायला आम्ही सगळे गेलो होतो. नवी बिल्डिंग, नवा फ्लॅट, हॉलमध्ये अजून सोफासुद्धा आला नव्हता, घडीच्या खुर्च्या मांडलेल्या. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, सगळ्यांना बश्या दिल्या, भावोजींसमोर उभी राहिली, आणि नेमकं त्याच क्षणी ह्या गृहस्थांना राहवलं नाही. उठले आणि ठाण्णकन टाळी वाजवली. मुलीच्या मामांना वाटलं, पसंती आली! त्यांनीही टाळी वाजवली, मावशीने वाजवली, कुणीतरी आतून पेढे आणले, मुलीच्या आईने सासूबाईंना मिठी मारली. आणि ह्या सगळ्या गोंधळात भावोजी डोळे मिटून उभे. उघडले तेव्हा म्हणाले, "अहो थांबा, सगळ्यांनी एकदम नका वाजवू, शेपूट कळत नाही." मग खुलासा झाला. मुलीचे वडील लालबुंद. म्हणाले, "तुम्ही मुलगी बघायला आलात की हॉल?" भावोजींनी खरं तेच सांगितलं. आम्ही जिना उतरलो. रिक्षात बसल्यावर मात्र भावोजी माझ्या कानाशी म्हणाले, "मुलगी चांगली होती हो, वहिनी. आवाज मऊ होता. त्या हॉलमध्ये वाया जात होता." त्यानंतर त्यांनी कुठलीच मुलगी बघितली नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत, "माजो झील टाळ्यो वाजवूनच म्हातारो होतलो." तसंच झालं.

तर भावोजींचा धंदा हा असा, खोल्यांचे आवाज दुरुस्त करण्याचा. मुळात ते सुतारकाम शिकलेले. अंधेरीत एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या भिंतींवर फळ्या, कापूस आणि फडकी ठोकायचं काम मिळालं, तिथे कान तयार झाला, आणि मग तो कान काही त्यांना गप्प बसू देईना. पुढे अंधेरीलाच औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि दारावर पाटी लावली. पाटी मराठीत हवी हा हट्ट. पेंटरने सुंदर अक्षरांत लिहिलं, "आवाज बसवून मिळेल". मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, "भावोजी, लोक गोंधळतील." तर म्हणे, "मराठी वाचणारा माणूस कसा गोंधळेल?" पहिल्या आठवड्यात चार रिक्षावाले आले, हॉर्न बसवून द्या म्हणाले. गणपती जवळ आले तशी मंडळाची पोरं आली. "काका, चार बॉक्स आणि दोन बेस, झकास आवाज बसला पाहिजे, गल्ली हलली पाहिजे!" भावोजींनी त्यांना स्टुलांवर बसवून तासभर आवाजाने कानाचं काय होतं ते समजावलं. पोरं ऐकत राहिली, कारण चहा मागवला होता. जाताना एक जण म्हणाला, "ते सगळं ठीक आहे काका, पण बॉक्स कधी येणार?" आणि एक गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाई तर भांडायलाच आल्या. त्यांच्या क्लाससमोरच हा गाळा. म्हणाल्या, माझ्या दारासमोर आवाज बसवून मिळेल म्हणून पाटी लावता, हा काय चावटपणा आहे? त्यांचं काय चुकलं? आवाज बसणं म्हणजे तुम्हाआम्हाला घसा बसणंच ना! पण भावोजींनी पाटी बदलली नाही. "आवाजाचं काम बसायचंच आहे, वहिनी," ते म्हणाले. "उभा राहिला की त्रास देतो."

पुढे ते ऑफिसांत जाऊ लागले. अंधेरीत आता अशी ऑफिसं झाली आहेत की भिंत म्हणून नाहीच. साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एकाच मैदानात, वर पत्र्याच्या नळ्या उघड्या, खाली चकचकीत फरशी, चारी बाजूंनी काच. काचेवर भावोजींचा राग कसा, तर सख्ख्या भाऊबंदकीतला वाटावा असा. अशा एका ऑफिसच्या साहेबाने त्यांना बोलावलं, कारण लोक एकमेकांच्या फोनवर चिडून सुट्ट्या टाकत होते. साहेब अभिमानाने म्हणाला, "आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात." भावोजी म्हणाले, "म्हणून कुणाला काही ऐकू येत नाही." मग त्यांनी दिवसभर त्या मैदानात फिरून पाहणी केली आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आले ते उदास होऊनच. म्हणाले, "वहिनी, एक मुलगी बाथरूममध्ये उभी राहून आईशी फोनवर रडत होती. कारण तिच्या टेबलाशी ती रडली असती तर चाळीस माणसांना कळलं असतं. आणि एका माणसाने दिवसभर कानांत बोळे घालून काम केलं, शेजारच्याला काही विचारायचं असेल तर तो त्याला मेसेज पाठवत होता. दोन हातांच्या अंतरावर बसलेला माणूस!" त्यांनी छताला जाड लोकरी फेल्ट लावायला सांगितलं, टेबलांमध्ये उंच पडदे सांगितले. साहेब म्हणाला, लूक बिघडतो. भावोजी म्हणाले, मग माणसं बिघडतील. काम गेलं. अशी त्यांची कितीतरी कामं गेली. ज्यांनी ठेवून घेतलं, ते मात्र अजून दिवाळीला मिठाई पाठवतात.

त्यांचा एक सिद्धांत मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे तो लागणार आहे. भावोजींच्या मते खोलीतला आवाज पिऊन टाकण्यात माणसासारखं दुसरं काही नाही. कपडे, अंग, मऊपणा, सगळं माणसात आयतंच आहे. "एक माणूस म्हणजे एक गोधडी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नात गेले की ते आहेराकडे बघत नाहीत, माणसं मोजतात. "अजून पन्नास पाहिजेत, घुमतंय." माझ्या चुलतबहिणीच्या मुलाच्या मुंजीत त्यांनी आमच्या एका चांगल्या अंगाने भरलेल्या काकूंना अत्यंत नम्रपणे विनंती केली, "काकू, जरा त्या कोपऱ्यात बसाल का? तिथे आवाज उड्या मारतोय." काकूंना वाटलं, त्यांना मानाची जागा मिळाली. त्या बसल्या. आणि खरं सांगते, भटजींचे मंत्र नीट ऐकू यायला लागले.

आता माझ्याबद्दल. मी वाकोल्याच्या एका मराठी शाळेत एकोणतीस वर्षं पाचवीला शिकवतेय. एकोणतीस वर्षं "पुस्तकं काढा" म्हणतेय. आता हे वाक्य झोपेतही माझ्या तोंडून निघतं असं हे म्हणतात. आमच्या वर्गाच्या भिंतींचा रंग पोपडे धरून पडायचा, मुलांच्या डब्यात पडायचा, म्हणून पाच वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याने काहीतरी करून देतो म्हटलं तेव्हा मीच पुढे होऊन सांगितलं, "टाईल्स लाव रे बाबा. खालून वरपर्यंत. पुसलं की झालं." त्याने लावल्या. पांढऱ्याशुभ्र, छतापर्यंत. जुने मऊ पुठ्ठ्याचे फलक काढून टाकले, फरशीही गुळगुळीत केली, लाकडी बाकं गेली आणि लोखंडी आली. आभाराचं पत्र मी लिहिलं, माझ्याच वळणदार अक्षरात. आणि पुढच्या महिन्यापासून माझा घसा दुखायला लागला. मला वाटलं, वय झालं. मुलं अशी गोंगाट करायची की मी ओरडायचे, मी ओरडले की त्यांनाही एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं, वरून विमान गेलं की सगळंच संपायचं. विमान निघून जाई, पण वर्गातून त्याचा आवाज निघता निघत नसे. शाळा सुटल्यावर मी शिक्षक खोलीत डोकं टेबलावर ठेवून बसायचे. डबा न खाता परत न्यायचे. इतका थकवा मला बाळंतपणातही आला नव्हता.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सोमवारी मी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. मुलांना वाटलं, बाई गंमत करतायत. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं, म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी येऊ लागल्यात. दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. आणि नंतरही वर्गात असंच ओरडत राहिलात तर आवाज जाईल, परत येईलच असं नाही. मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्ही कार्यालयात बसा, दाखले लिहा. निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत. तुमची मुलं ब तुकडीत बसवू." ब तुकडी म्हणजे आधीच खच्चून भरलेली. आणि मी दाखले लिहायचे! शाळा सोडल्याचे दाखले! मला रडू आलं आणि रडायलाही आवाज नव्हता. मला वर्ग सोडायचा नव्हता. थकले होते, चिडले होते, रोज सकाळी उठताना जिवावर यायचं, ते सगळं खरं. पण सोडायचा नव्हता.

ते दोन आठवडे मी घरात पाटी-पेन्सिल घेऊन फिरत होते. आमची लेक हसायची. हे तर म्हणाले, "घर काय छान बसलंय!" त्यावर मी पाटीवर जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही. रविवारी भावोजी आले. मी पाटीवर लिहिलं, "आवाज बसला". त्यांनी वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हा शब्द त्यांना टोचला असावा, कारण त्यांनी पाटी उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "उद्या मी शाळेत येतो."

आले. मुलं घरी गेल्यावर रिकाम्या वर्गात मधोमध उभे राहिले आणि टाळी वाजवली. ती टाळी टाईल्सवरून टाईल्सवर अशी काही नाचत राहिली की भावोजींनी डोळे मिटले ते उघडेचनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, हे शेपूट नाही, ही वरात आहे." मग त्यांनी मला विचारलं, मुलांच्या श्रुतलेखनाच्या वह्या कुठे आहेत? मला कळेना, ह्यांना वह्या कशाला? कपाटातून काढून दिल्या. त्यांनी विचारलं, कुठलं मूल कुठे बसतं? मी खुणेने दाखवत गेले आणि भावोजी प्रत्येक बाकावर त्या त्या मुलाची वही उघडून ठेवत गेले. मग पुढून मागे चालत एकेक वही वाचू लागले. मी घातलेलं वाक्य होतं, "काकांनी कपाट उघडले आणि ताटात पापड ठेवले." पहिल्या बाकावर बरोबर. दुसऱ्यावर बरोबर. चौथ्या बाकावर "काकांनी कपाळ उघडले". सहाव्यावर "ताकात पापड ठेवले". आणि अगदी शेवटच्या बाकावर साक्षी नावाच्या मुलीच्या वहीत, "काकानी कपाळ उगडले आनी ताकात पाप ठेवले." त्याखाली माझ्याच लाल पेनाने लिहिलेलं, "लक्ष कुठे असते?" एक पान मागे गेलं तरी तेच. त्याच्या मागे गेलं तरी तेच. "लक्ष कुठे असते?" थेट जूनपासून.

"'आ' मरत नाही, वहिनी," भावोजी हळूच म्हणाले. "'आ' घुमत बसतो आणि त्याच्या खाली पुढचा क, ट, प चिरडतो. मागे पोचेपर्यंत नुसते स्वर उरतात. पोरीचं लक्ष होतं. जे पोचलं ते तिने लिहिलं." मी बाकावर बसले. एकोणतीस वर्षं मी शुद्धलेखनाच्या नावाने मुलांना बोलत आले, त्यातली शेवटची चार-पाच वर्षं माझ्याच टाईल्सनी चुकीचं शिकवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बदली आलेल्या बाईंनी माझ्या सांगण्यावरून साक्षीला पहिल्या बाकावर बसवून तेच वाक्य घातलं. कपाट कपाटच राहिलं. मी तिच्या वहीतली माझी लाल वाक्यं एकेक करून खोडली आणि शेवटी लिहिलं, "चूक बाईंची." तिने ते वाचून माझ्याकडे असं बघितलं की, आता ह्या बाईंना नक्की काय झालंय.

टाईल्स काढायच्या तर मंजुरी, नवीन काही लावायचं तर मंजुरी, आणि मंजुरी म्हणजे पुढचं वर्ष, किंवा त्याच्या पुढचं. भावोजी म्हणाले, काही काढायचं नाही, काही मागायचं नाही. शनिवारी ते रिक्षाने आले, रिक्षा गोधड्यांनी भरलेली, स्वतः ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर. लाकडी पट्ट्या ठोकून त्यांनी मागच्या भिंतीवर आणि दोन्ही बाजूंना गोधड्या लावल्या, भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं जागा सोडून. "मागे हवा पाहिजे, तिथे आवाज अडकतो." वर छतालाही तीन टांगल्या. बाकांच्या लोखंडी पायांना खालून जुन्या मोज्यांच्या टोप्या घातल्या. मी एका गोधडीवर हात फिरवला. हिरव्या साडीचं कापड, माझ्या लग्नात सासूबाई नेसल्या होत्या ती. मी पाटीवर लिहिलं, "आईंच्या?" भावोजी खिळे तोंडात धरून म्हणाले, "दोनतीन आहेत तिच्या. बाकीच्या इकडूनतिकडून." सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. घाटकोपरच्या त्यांच्या दोन खोल्यांत आता भावोजी एकटेच राहत होते.

पुढच्याच सोमवारी नेमकी शाळेची तपासणी आली. अधिकारी वर्गात शिरले आणि दारातच थबकले. "हे काय? वर्गात कपडे वाळत घातलेत?" माझी वाट लागली होती, कारण मला बोलायचीच परवानगी नव्हती. पण मुख्याध्यापिका बाईंनी क्षणाचाही वेळ न घालवता सांगितलं, "नाही साहेब, हस्तकलेचं कायमस्वरूपी प्रदर्शन आहे. कोकणातली पारंपरिक गोधडी. मुलांना टाके शिकवतो." भावोजी कोपऱ्यात हातात हातोडी घेऊन उभे होते, त्यांना बाईंनी कारागीर म्हणून पुढे केलं. साहेबांनी एका गोधडीचे टाके जवळून बघितले, डोळे जरा ओलावल्यासारखे वाटले, म्हणाले, "माझी आई असंच घालायची." आणि शेरेबुकात लिहिलं, पारंपरिक कलेचे जतन, स्तुत्य उपक्रम, पुढील तपासणीतही पाहावे. झालं. आता त्या गोधड्या वर्गातून हलवणं म्हणजे शेऱ्याच्या विरुद्ध जाणं.

दोन आठवडे संपल्यावर डॉक्टरांनी मला बोलायची परवानगी दिली, "घरात बोलता तसंच बोलायचं" ह्या अटीवर. मी मनात म्हटलं, हा माणूस आमच्या घरी आलेला नाही. पण वर्गात उभी राहिले आणि घाबरत घाबरत, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "पुस्तकं काढा." आणि पुस्तकं निघाली. सगळ्यांची. शेवटच्या बाकावरूनसुद्धा. मी पुन्हा काहीच बोलले नाही, नुसती उभी राहिले. वर्ग इतका शांत होता की मला बाहेर फेरीवाल्याचं भांडण ऐकू आलं. मागून साक्षी म्हणाली, "बाई, ऐकू येतंय." ओरडून नाही, हळूच म्हणाली, आणि ते मला फळ्यापाशी ऐकू आलं. जूनपासून मी त्या मुलीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आणि तो चांगला आवाज होता हो. त्या दिवशी मी डबा खाल्ला.

दाखले लिहायचा विषय पुन्हा निघाला नाही. घसा कधीकधी खवखवतो, मी अजून थकते, वय काही परत गेलेलं नाही. पण शिकवतेय.

भावोजींना आभाराचं काही बोलावं म्हणून एका रविवारी आम्ही तिघं, मी, हे आणि आमची लेक, न सांगता घाटकोपरला गेलो. नेहमी तेच आमच्याकडे यायचे, सासूबाई गेल्यापासून आमचं तिकडे जाणं जवळपास बंदच झालं होतं. लाज वाटते सांगायला, पण झालं होतं खरं. भावोजींनी दार उघडलं. मी आत पाऊल टाकून म्हटलं, "भावोजी," आणि माझाच आवाज चारी भिंतींवरून माझ्या अंगावर आला. खोली उघडी पडली होती. खाटेवरची गादी नव्हती, नुसती चटई. सासूबाईंच्या गोधड्यांची ती छताला टेकणारी थप्पी असायची ना, जिच्यावर आमची लेक लहानपणी चढून बसायची, ती जागा रिकामी. खिडक्यांचे पडदे नव्हते, ते आणि गादीचा कापूस छताला लावलेल्या गोधड्यांच्या आत शिवले गेले होते हे मला तेव्हा उमगलं. दोनतीन म्हणे! सगळ्या होत्या. इकडूनतिकडून एकही नव्हती.

मला इतका राग आला. म्हटलं, "भावोजी, हे काय करून ठेवलंत? उद्याच्या उद्या निम्म्या परत आणते मी." "शेरेबुकात आहे, वहिनी," ते हसत म्हणाले. "पुढील तपासणीतही पाहावे." हे म्हणाले, "अरे, स्वतःचं घर असं घुमत ठेवतो होय रे कुणी? तू तर आवाजाचा माणूस!" भावोजी गॅसवर चहा ठेवत होते, पाठमोरेच म्हणाले, "दादा, इथे बोलतंय कोण?"

पातेलं ठेवल्याचा आवाजसुद्धा त्या खोलीत केवढा मोठा झाला. आमची लेक जाऊन खाटेवर चटईवर बसली. हे खुर्चीत बसले. मी भिंतीला टेकून खालीच बसले, जिथे ती थप्पी असायची तिथे. लेकीने काहीतरी ऑफिसातलं सांगायला सुरुवात केली, ह्यांनी तिला मधेच तोडलं, मी ह्यांना तोडलं, आमच्याकडे चालतं तसं सुरू झालं. भावोजी चार कप घेऊन आले, खाली ठेवले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. मला कळलं. मी हात धरला नाही, ह्यांनीही धरला नाही. त्यांनी टाळी वाजवली, डोळे मिटले, मान तिरकी केली.

"बसला?" मी विचारलं.

"बसतोय," भावोजी डोळे न उघडताच म्हणाले. "उठू नका एवढ्यात."